आत्याचा उलटा धडा

नाही नाही, कंबरपट्ट्याचं नंतर बघू, आधी आतल्या अस्तराचं ऐक — अस्तर दुहेरी हवंय, प्रॉसी, आणि मागे, बसतो ना आपण तिथे, तिथे तिहेरी. टॉवेलचं जाड कापड घाल. का म्हणजे? गोमेसीचा झगा माझा, अंग माझं, शनिवारी घालायचा मी, तुला कारण कशाला हवंय? अख्ख्या मासाकात शिंपिणी काय कमी आहेत? तरी तुझ्याकडे आले ती तू बडबडत नाहीस म्हणून. आणि फिकट जांभळा नको होता खरं तर मला, काळपट काहीतरी हवं होतं, पण माझ्या भावाच्या, कागवाच्या बायकोने सगळ्या बायकांना एकच रंग ठरवलाय — वहिनी ती माझी, तिला रंग सोडून दुसरं काही सुचत नाही — आणि जांभळ्यावर ओलं कसं दिसतं ते तुला ठाऊकच आहे. घामाचं म्हणतेय मी. घाम येतो गं मला हल्ली.

बघू नकोस अशी. टाचण्या तोंडात ठेवून बघू नकोस माझ्याकडे, भीती वाटते. बरं, घाम नाही. झालं समाधान? आता दार जरा लोटून घे आणि ऐक. शनिवारी माझ्या भाचीची, नांतोंगोची क्वांजुला, म्हणजे मागणीचा समारंभ, मुलाकडची साठ माणसं येणार, मांडवात एका बाजूला ते आणि एका बाजूला आपण, आणि मधे कोण? आत्या. नवऱ्या मुलाला गर्दीतून हुडकून पुढे आणायचं आत्याने, त्यांच्या म्हाताऱ्यांपुढे गुडघे टेकायचे आत्याने, मग आपल्या म्हाताऱ्यांपुढे, मग फुलं देताना, मग टोपल्या उघडताना — मी मोजलंय, पंधरा वेळा खाली जायचं आणि पंधरा वेळा वर यायचं. खाली जाताना काही होत नाही. उठताना होतं. थोडंसंच असतं, पण थोडंसं म्हणजे किती ते ज्याचं त्याला कळतं. खोकले तरी होतं, हसले तरी होतं — म्हणून हसत नाही मी हल्ली, आणि लोक म्हणतात नाकीवालाबाईंना आताशा फार गर्व झालाय!

इस्टरनंतर कागवाच्या सासऱ्यांची माती झाली ना, तिथे चटईवर बसलो होतो सगळ्या. उठले तर चटई ओली. ताटाएवढी. आणि शेजारी एका पोरीच्या मांडीवर तिचं तान्हं होतं — मी म्हटलं, अगं, तुझ्या बाळाने बघ काय केलं! सगळ्यांसमोर म्हटलं. ती पोर बिचारी बाळाचं दुपटं चाचपून बघतेय, दुपटं कोरडं, आणि तरी मला म्हणते, माफ करा हं आत्या. माफ करा! मला म्हणाली ती. घरी येऊन मी दोन दिवस जेवले नाही, आणि पाणी तर सोडलंच. हो, पाणीच बंद केलं, म्हटलं आत गेलंच नाही तर बाहेर काय येईल? तर लघवीला अशी आग व्हायला लागली की काय सांगू, आणि गळायचं ते गळतंच होतं. मग आपले पाले. टबात कोमट पाण्यात पाला घालून बसले तीन आठवडे, तोच पाला जो मी तुम्हा सगळ्यांना देते. अंगाला वास छान येतो. बाकी काही नाही.

मग गेले मोठ्या हॉस्पिटलात. मला वाटलं गोळी देतील, नाहीतर कापतील, एकदाचं काय ते संपेल. तर डॉक्टरीणबाईंनी कापायची गरज नाही म्हणून मला पाठवलं मागच्या बराकीत, व्यायामवाल्यांकडे, जिथे पाय मोडलेले बोडा-मोटरसायकलवाले भिंतीला धरून चालत असतात. तिथे एक पोरगी. अकेल्लो नाव. उत्तरेकडची, आपली भाषा मोडकीतोडकी बोलणारी, लग्न नाही, मूल नाही, पंचवीसची असेल नसेल — आणि ती मला विचारते, आई, दिवसातून किती वेळा जाता? रात्री किती वेळा? लिहून आणा. वही दिली मला! चहा किती पिता? म्हटलं, पाच कप. म्हणे, दोन करा. पाणी मात्र प्या. आणि लागली की लगेच धावायचं नाही म्हणे, थोडं थांबायचं, आज पाच मिनिटं, पुढच्या आठवड्यात दहा, लघवीच्या पिशवीला वळण लावायचं — या वयात वळण! आणि वर व्यायाम. तीन महिने करा, रोज, तीनदा. म्हटलं, पोरी, क्वांजुला महिन्यावर आलीय. तर म्हणते, तोपर्यंत रबराची एक रिंग असते, आत बसवायची, खालून आधार देते, समारंभापुरती घाला आणि काढा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, तू कुणाला सांगतेयस हे? मी नाकीवाला, साऱ्या गावाची आत्या! या भागातल्या निम्म्या नवऱ्या मुली लग्नाआधी माझ्या हाताखालून गेल्यात, खालचं अंग आखडायचं कसं हे मी शिकवते लोकांना, आणि मी रबर घालून फिरू?

तर हसली नाही ती. हसली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. म्हणाली, मग तर छानच आहे, तुम्हाला येतंच असेल, दाखवा. पडदा ओढला, हातमोजा घातला, म्हणाली, आखडा. मी आखडलं. तीस वर्षं शिकवते तसंच — छातीत श्वास भरला, ओठ घट्ट मिटले, आणि दिला जोर. ती म्हणाली, परत करा. परत केलं, आणखी जोरात. तर म्हणते — आई, तुम्ही वर ओढत नाही आहात. तुम्ही कुंथताय.

कुंथताय!

टाचणी टोचली का? चोख ते बोट, कापडावर डाग नको. हं. तर कुंथताय म्हणाली. म्हणाली, हे उलटं आहे, याने खालचं आणखी सैल पडतं, बाळंतपणानंतर तर फारच, तुम्ही दाराला आतून धक्के देताय आणि म्हणताय दार बंद होत नाही. मी तिला काय काय बोलले ते विचारू नकोस. तिच्या आईवरही गेले. चप्पल हातात घेऊन बाहेर आले, आणि व्हरांड्यात त्या पाय मोडलेल्या माणसांत बसून राहिले. आणि बसल्या बसल्या हळूच करून बघितलं. श्वास न कोंडता. खालून वर, जसं काही आत ओढून घ्यायचंय. आणि गं प्रॉसी, तिथे काहीतरी हललं. इतकंसं. चोपन्न वर्षांची मी, आणि ते मला पहिल्यांदा कळलं.

माझ्या आत्याने सांगितलं होतं की मला. सोळाची होते, केळीच्या बागेत नेऊन सांगितलं, आत ओढ, आत. मला काही समजलं नव्हतं. काय ओढायचं, कुठे? पण विचारायचं कसं — तिचे डोळे असे, की विचारलं तर म्हणेल ही ठोंबी. म्हणून मी तोंड लाल होईस्तोवर जोर केला आणि ती म्हणाली, शाब्बास. तिला तरी काय दिसणार गं वरून? तोंड लाल झालेलं दिसलं. मीही पुढे तुमची तोंडंच बघत आले. जिचं तोंड जास्त लाल तिला शाब्बास. तुझं सगळ्यांत लाल व्हायचं.

हे मला बोलायचं नव्हतं. मी अस्तरासाठी आले होते.

सहा वर्षं झाली ना गं? दुसऱ्या बाळंतपणानंतर आली होतीस माझ्याकडे, पावसात, पाठीला पोर बांधून. आत्या, उचलायला वाकलं की गळतं, म्हणालीस. आणि मी काय म्हटलं? आळशी आहेस. शिकवलेलं करत नाहीस. दुप्पट कर. आणि तू करत होतीस — नाही का? माझं ऐकून दुप्पट करत होतीस, आणि दुप्पट बिघडत होतं. मान हलवू नकोस, मला माहीत आहे. मला महिनाभर झोप नाही त्यावरून. आणि तेवढ्यावर मी थांबले असते तरी… तुझी सासू आली होती माझ्याकडे. तुला नव्हतं माहीत? आली होती. तुमच्या हातची पोर अशी कशी, अंथरुणाला वास येतो म्हणाली. माझ्या शिकवण्यावर बोट ठेवत होती ती, प्रॉसी, बाजारात चार बायकांपुढे, आणि मी — मी म्हटलं, शिकवण्यात खोट नाही, पोरीतच आहे. एवढंच म्हटलं. पुढच्या महिन्यात तुझ्या नवऱ्याने ती कलिसिझो गावची दुसरी बायको आणली. आता ती बाई तिथे नांदतेय आणि तू इथे मशीन चालवतेयस. एका वाक्याने झालं असं नाही म्हणत मी. पण वाक्य माझंच होतं.

शिवी दे. मशीनचं चाक असं हाताने धरून काय बसलीस?

आणि नांतोंगोलाही तेच शिकवलंय मी. सुट्टीत आली होती तेव्हा, त्याच बागेत. हॉस्पिटलातून आल्यावर ठरवलं होतं, आता नाही सांगायचं, लग्न होऊन जाऊ दे, मग कधीतरी बघू. कारण तिला सांगितलं की वहिनीला कळणार, वहिनीला कळलं की सगळ्या मासाकाला, आणि मग शनिवारी कोण म्हणेल मला, आत्या पुढे या म्हणून? मला पुढे जायचंय गं. माझ्या भावाची एकुलती एक पोर आहे ती. मलाच न्यायचंय तिला मांडवात, दुसऱ्या कुणी नाही. म्हणून हे अस्तर, म्हणून ही तिहेरी घडी…

काय करतेस? घडी का घालतेस त्याची? नाही शिवणार? अगं, मी तुला — बरं. बरं, दे इकडे. नको शिवूस. मीही तुझ्या जागी असते तर नसतं शिवलं, मी तर कात्री चालवली असती. दे ती पिशवी.

अकेल्लोकडे गुरुवारी जाते मी. बसव म्हणते ती रिंग, काय व्हायचं ते होऊ दे. पण आधी नांतोंगोकडे, आत्ता, वहिनी घरात असली तरी. असू दे. तिच्यासमोरच सांगते. शनिवारी नाही बोलावलं पुढे तर बसेन मागच्या चटईवर — तिथे फक्त एकदा उठावं लागतं.

तू येशील माझ्याबरोबर गुरुवारी? नाही? ठीक आहे, नाही म्हणालीस ते बरोबर केलंस. एकटी जा, पण जा. मागची बराक, हिरवा पडदा, अकेल्लो म्हणून विचार. माझं नाव सांगू नकोस, माझ्यावर रागावलेली असेल ती. आणि तोवर — पाठ फिरव हवी तर, पण कान इकडे दे — श्वास कोंडायचा नाही. जोर खाली नाही द्यायचा. तोंड लाल व्हायला नको, तोंडाकडे कुणी बघत नाहीये. श्वास सोडायचा आणि खालून वर ओढायचं, हळू, दहापर्यंत, मग सोडायचं. सोडणंही तितकंच महत्त्वाचं म्हणते ती. आणि उठायच्या आधी ओढायचं. आधी ओढ, मग ऊठ. कर. कर गं, मी बघत नाही. केलंस? …आता ऊठ, आणि माझ्यामागे दार लावून घे.