धामणगावचा खोटा पत्ता

स्मृतिभ्रंशाची इंग्रजी चाचणी मराठीत आणताना मी फार हुशारी केली होती, बरं का! त्यात एक खोटा नाव-पत्ता सांगायचा आणि पाच मिनिटांनी परत विचारायचा. विलायती पत्ता आपल्या लोकांना काय कळणार, म्हणून मी इथला बनवला: गुलाबराव वानखडे, मारोतीच्या देवळामागे, धामणगाव रेल्वे.

अमरावतीत पहिलेच काका आले. दोनदा घरचा रस्ता चुकले म्हणून लेकीने आणलेले. मी पत्ता सांगताच भडकले.

"तिथं कोनी वानखडे नाई! म्या तीस वर्सं डाक वाटली धामणगावात. देवळामांगं चक्की हाय."

"काका, पत्ता खोटाच आहे. फक्त लक्षात ठेवा."

"खोटा पत्ता कायले लक्षात ठेवू?"

पाच मिनिटांनी विचारलं, तर अख्खा पत्ता घडाघडा म्हणाले. वर ताकीद दिली, "पत्र टाकू नका, वापस येते." लेक हसायला लागली. मलाही हुरूप आला.

"आता तुमच्या घरचा पत्ता सांगा."

 काकांनी लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पोस्टमनले कोन पत्र धाडते, बाप्पा?"