आप्पांचा गुडघा आणि आमचा डीन

आपल्याकडं डीन म्हटलं की सरकारी दवाखान्याचा मोठा डॉक्टर. माझा मुलगा तीन देशांत डीन झाला, पण धंदा शिकवणाऱ्या कॉलेजांत. तो आमच्या गावी, माकणीला आला, तसे शेजारचे आप्पा एक्स-रे घेऊन हजर.

"सायेब, डॉक्टर म्हणतोय गुडघा बदला. बदलू का?"

"आप्पा, मी डॉक्टर न्हाय. धंदा शिकवतो."

"मंग धंद्याचं सांगा."

"धंद्यात एकाच दुकानात विचारून माल घेत न्हाईत. दुसऱ्याला दाखवा."

दुसऱ्या डॉक्टरनं नुसता व्यायाम सांगितला. आता आप्पा पायी शेताला जातात आणि भेटेल त्याला सांगतात, "औषध न देता बरं केलं. डीन लई हुशार!"

मुलगा काय काम करतो, हे गावाला एकदाचं कळलं. ते चुकीचं कळलंय, हे मी कशाला सांगू?