दोन्ही पाय पक्के

...आणि वर तोंड करून तो कॉम्प्युटर मलाच म्हणतो, चूक तुमची! अहो, सव्वीस वर्षं ड्रॉइंग काढतोय मी, आणि साधी घडीची खुर्ची, कैचीसारखे पाय, एक बैठक, एक पाठ, दोन पिना... स्क्रीनवर जोडली, तर लालभडक यादी! 'ही अट त्या अटीशी जुळत नाही.' अट म्हणजे काय, तर कुठला भाग कुठे टेकायचा, किती फिरायचा, ते आपण ठरवून द्यायचं. दिलं ठरवून! आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा!

एक अट काढली, बैठक छताला! परत घातली, पाठ बैठकीच्या पोटात! संध्याकाळी फाइल कारखान्यात जायचीय, आणि विचारू कुणाला? पूर्वी आमचे थोरले ड्राफ्ट्समन चहाचा कप घेऊन मागे उभे राहायचे, "सरक, बघू." आता ऑफिसच बंद, जो तो आपापल्या घरी. बायको असती तर... तिला यातलं ओ की ठो कळत नाही, पण "अगं बाई, लाल झालं?" एवढं तरी म्हणाली असती! ती लेकीकडे, बाळंतपणाला. फार एकटं वाटतं हो. आता यात माझं काय चुकलं?

शेवटी लावला मदतकेंद्राला फोन. बाई काय गोड! "सर, घाबरू नका, सगळ्या अटी बंद करा, मग एकेक चालू करा." एकवीस अटी! आणि प्रत्येक अटीला विचारते, "आता काय दिसतंय, सर?" पाच आठवडे झाले, मला काय दिसतंय हे कुणी विचारलं नव्हतं! सतराव्या अटीला म्हणाली, "सर, तुम्ही दोन्ही पाय जमिनीला पक्के केलेत. खुर्ची मिटणार कशी?" केले खरे. सुटं काही दिसलं की मला धास्तीच वाटते. सोडला एक पाय. लाल गेलं, खुर्ची मिटली, उघडली... "अजून काही मदत, सर?" आता काय सांगू? नाही म्हटलं. ठेवला तिने.

घर असं गप्प झालं म्हणता! फाइल पाठवून दिली. खुर्ची मिटली, उघडली, मिटली... दाखवू कुणाला? मग फाइलची एक नक्कल काढली, तिच्यात तो पाय परत पक्का केला, आलं लालभडक, आणि लावला फोन.

रांगेत माझ्यापुढे अकरा जण आहेत म्हणे. भर दुपारी! काय माहीत, त्यांच्याही खुर्च्या ठीकच असतील.