सासूबाईंचं लाँचर

"हॅलो? … हो, मीच. … अगं, दोन्ही हात गोंदाने बरबटलेत, फोन कान आणि खांद्यात दाबून धरलाय. जरा सावकाश बोल."

थोरलीने मान आणखी वाकडी केली. पलीकडे तिची धाकटी जाऊ होती. घरचीच नाटक मंडळी: धाकटी नाटक लिहायची आणि बसवायची, थोरली त्यातल्या वस्तू बनवायची, आणि मुख्य भूमिका सासूबाईंची. या वेळचं नाटक एका इवल्याशा चंद्रावर घडत होतं. तिथल्या ओसाड वसाहतीत उरलेली एकटी म्हातारी पहारेकरीण लाँचरमधून क्षेपणास्त्र सोडते आणि शत्रूचं यान पाडते, हा त्याचा शेवट. उद्या संध्याकाळी पहिला प्रयोग होता, आणि ते लाँचर अजून थोरलीच्या कामाच्या टेबलावर उघडंनागडं पडलं होतं.

"फोटो मिळाला ना? … काय दिसतंय म्हणजे काय? लाँचर दिसतंय. … सांडपाण्याचा पाइप आहे हे मलाही माहीत आहे. रंग लागला की नाही दिसणार. … हो, हो… अगं ऐक ना. … ऐक तर. … बरं, बोल, आधी तूच बोल."

ती ऐकत राहिली. ऐकता ऐकता पाइपाच्या तोंडाशी चिकटवलेली रबरी कड सुटली, ती तिने अंगठ्याने दाबून धरली.

"झालं? … लहान नाहीये ते. फोटोत लहान दिसतंय. … लोकांना धडकी भरली पाहिजे, मान्य. पण एकट्या बाईला वाहून नेता आलं पाहिजे, हेही तूच लिहिलंयस. 'सुवाह्य' लिहिलंयस. मला तो शब्द दोनदा वाचावा लागला. … नाही गं, टोमणा नाही. … बरं, होता थोडा."

समोरच्या स्टुलावर सासूबाई बसल्या होत्या. पुठ्ठ्याच्या क्षेपणास्त्राचं टोक त्या डाव्या हाताने लाल रंगवत होत्या. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता, आलेल्या पाहुण्यासारखा, काही न करता. तो खांदा धरल्याला महिना होत आला होता. त्यांचे केस आताशा थोरलीच विंचरायची, दार लावून. धाकटीला यातलं अक्षर कळता कामा नये, असा शब्द सासूबाईंनी तिच्याकडून घेतला होता. कारण धाकटीने एका नव्या मुलीकडून सगळी भाषणं पाठ करून घेतली होती. 'अडीअडचणीला असावी' म्हणाली होती. ती अडचण आपणच, हे सासूबाईंना समजायला वेळ लागला नव्हता.

थोरलीची पंचाईत वेगळीच होती. खोटं बोलायचं नाही हा तिचा फार वर्षांचा नेम. दिलेला शब्द मोडायचा नाही, हा दुसरा. आजवर हे दोन नेम कधी एकमेकांच्या आड आले नव्हते.

"मूठ? … मूठ डावीकडे आहे, बरोबर. … फोटो उलटा नाही. … लाँचर डाव्या खांद्यासाठीच केलंय. … का म्हणजे… तसं केलंय. … मी काय म्हणते, डाव्या खांद्याने काय बिघडतं?"

ऐकता ऐकता डोळे मिटून तिने हवेत बोटाने रंगमंच आखून पाहिला.

"थांब, थांब, मला कळू दे. यान प्रेक्षकांच्या डावीकडून येतं. … आई त्या बाजूला वळणार. … म्हणजे आईंचा डावा खांदा प्रेक्षकांकडे. … आणि त्या खांद्यावर हा एवढा नळा. … हो. … हो गं, कळलं. तोंड झाकलं जाणार. … अख्खं शेवटचं भाषण नळ्यामागून होणार, एकदा सांगितलंस तेवढं पुरे."

वजन, मूठ, पट्टा, चाप, सगळ्याचा विचार तिने केला होता. तोंडाचा राहिला. सासूबाईंनी भुवया उंचावून 'काय झालं' विचारलं, तेव्हा तिने नुसती मान हलवली.

"चुकलं, म्हणते ना. … मुद्दाम? मी मुद्दाम कशाला करीन? … अगं, तुझं नाटक पडावं असं मला का वाटेल? माझंही रक्त आटलंय त्यात. … बरं, असं कर, यान दुसऱ्या बाजूने आण. … का नाही? … भावजींनी यानाच्या दोरीची कप्पी बसवलीय, ती काढून पलीकडे बसवा म्हणावं, पुरुषमाणूस आहेत, शिडीवर चढतील. … पलीकडे भिंतच नाही? … नुसता पडदा. … हं. पडद्याला कप्पी कशी लागणार."

"मूठ फिरवायला कितीसा वेळ? … फार नाही लागत. चार स्क्रू काढायचे. … येतं गं मला. … मग फिरवत का नाही, तर… नको. … नको म्हणजे नको. … कारण आहे. … नाही सांगता येत. … नाही, तुझ्यावर राग नाही. … अगं, कशावरच राग नाही, पण आता यायला लागलाय."

तिचा आवाज चढला नव्हता. तो कधीच चढत नसे. पण हातातल्या रबरी कडेचे दोन तुकडे झाले.

"एक मिनिट. मला सांग, तुझ्या त्या चंद्रावर माणसं चालतात कशी? … तरंगत. जमिनीची ओढच कमी. … पहिल्या प्रवेशात आईंच्या हातून डबा सुटतो तो पिसासारखा खाली येतो, खरं ना? मग अशा जागी खांद्यावरून क्षेपणास्त्र सोडलं तर काय होईल? … विचार कर. … धक्का बसेल आणि बाई मागच्या मागे उडेल. यान राहील जागच्या जागी, आणि पहारेकरीण थेट विंगेत. … मी नाही चेष्टा करत, तुझंच शास्त्र तुला सांगतेय. … म्हणून म्हणते, तिथल्या लोकांनी लाँचर खांद्यावर ठेवलंच नसतं. जमिनीत रोवलं असतं. … तिपाईवर. माझ्याकडे कॅमेऱ्याचा जुना स्टँड पडलाय. बादली धरावी तसं एका हातात धरून आणायचं, पायाने ढोसून तिपाई उघडायची, नेम धरायचा, सोडायचं. … आणि तोंड सगळं मोकळं."

ती पहिल्यांदाच ताठ उभी राहिली. सासूबाईंचा ब्रश थांबला होता.

"हॅलो? … आहेस ना? … खांद्यावरच हवं? … का गं? … पोस्टर. … हो, पाहिलं मी पोस्टर. खांद्यावर नळा, मान वर, केस वाऱ्यावर. … त्या मुलीला उभं करून काढलंय, तेही पाहिलं. आईंनीही पाहिलं. … काही म्हणाल्या नाहीत. … तेच तर. काहीच म्हणाल्या नाहीत."

"हळू, मला नीट कळत नाहीये. … फक्त शेवटचा प्रवेश? … आधी अंधार करायचा. … मग शिरस्त्राण घालून ती मुलगी उभी करायची. … आणि भाषण आईंनी विंगेतून म्हणायचं? … कोणाला कळणार नाही?"

समोरच्याचं बोलणं परत बोलून पक्कं करण्याची थोरलीला सवय होती. मापं चुकू नयेत म्हणून लागलेली. शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर तिला कळलं की आपण हे कोणासमोर बोललो. सासूबाई उठल्या होत्या. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला, डावा हात पदराला पुसला आणि थोरलीच्या कान-खांद्यातला फोन अलगद काढून घेतला.

"मी बोलतेय. … तुझी सासू, आणखी कोण. … तिला बोलू नकोस, तिला मी गप्प बसवलंय. … माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. … नाही, पडले नाही. धरला, झालं. … डॉक्टरांना दाखवलं, ही घेऊन गेली होती. सुटेल म्हणालेत, सवडीने. … तालमीत कसं कळलं नाही? मी काठी डाव्या हातात घ्यायला लागले तेव्हा तू म्हणालीस, आई, हे नवीन काढलंत, छान आहे. … मग मी तेच ठेवलं."

"… तुला का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर तू लिहिलेलं बदललं नसतंस. माणूस बदललं असतंस. … नाही? … मग आत्ता काय करत होतीस?"

मग सासूबाई बोलल्या ते अगदी मऊ आवाजात.

"हे बघ, मुलगी चांगली आहे. तिला द्यायचं तर पहिल्या प्रवेशापासून दे, मी समोर बसून बघेन आणि मनापासून बघेन. पण अर्धी बाई माझी आणि अर्धी तिची, असं मला जमणार नाही. मी विंगेत उभी राहून माझा आवाज दुसऱ्याच्या तोंडात घालणार नाही. … आता तू ठरव. तू बसवतेस नाटक, तू सांगशील ते. … हो, धरते. कितीही वेळ घे."

थोरली टेबलाची कड धरून उभी होती. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा भाषणाआधी होतो तसा, काहीच नसलेला झाला होता.

"हं. … हं. … रडू नकोस, उद्या घसा बसेल. … अगं, माझंही चुकलंच, दोघी मिळून तुला फसवत होतो. … काय म्हणालीस? … परत म्हण. … तिपाई. … नक्की? मागाहून मनात नको ठेवूस. … पोस्टरचं राहू दे, पोस्टर घेऊन कोणी ताडून बघायला बसत नाही. … मुलीला मी सांगेन समजावून. तिला यानातला आवाज दे, गोड आहे तिचा. … बरं. … बरं, ठरलं तर मग."

थोरलीने डोळे पुसायला हात वर नेला आणि गोंद आठवून परत खाली आणला.

"… आता आणि काय? … जमिनीवरच उभं राहणार आहे, तर आणखी मोठं हवं? … करेल की. त्यात काय. … एका नळ्याच्या ऐवजी तीन? … तीन कशाला, चार कर म्हणते मी, चौघडा दिसला पाहिजे. … धूर? … हो, धूरही निघेल. … छे, नाही कशाला म्हणेल ती? समोरच उभी आहे, दोन्ही हात जोरजोरात हलवतेय. आनंद झालाय तिला. … लुकलुकणारे दिवे? तेही सांगते. … बरं, ठेवते आता, हिला बरंच काम आहे."