सिंधूनं मला धड जळूही दिलं नाही

आयाबायांनो, बापू, शेठजी, आमच्या शाळेतल्या बाई-मास्तरांनो, आणि सतरंजीवर पुढं बसलेल्या लेकरांनो,

बुद्धवंदना झाली. मेणबत्त्या लावून झाल्या. सिंधूच्या फोटोला फुलं वाहून झाली. आता मी बोलायचं. सकाळपासून मनात वाक्यं जुळवायलेय, आणि इथं उभी राहिले तर एकही जाग्यावर नाही. वर्गात माझा आवाज पार रस्त्यावर ऐकू जातो. आज मागच्या रांगेलाही पोचेना. थांबा, पाणी पिते.

हां.

तुम्ही म्हणालात, वत्सलाबाई, तुम्ही तिच्या जिवाभावाच्या मैत्रीण, तुम्ही बोललंच पाहिजे. खरंय. सेलूच्या एकाच गल्लीत आम्ही दोघी वाढलो. एका पाटीवर शिकलो, एका ताटात जेवलो. पण जिवाभावाची मैत्रीण म्हणजे काय, ते आज जरा नीट ऐका. मी सिंधूवर जळत होते. लहानपणापासून जळत होते. आजही जळतेय. मावशी, कुजबुज करू नका. तुम्हाला माहीत होतं. गल्लीला माहीत होतं. सिंधूला तर सगळ्यांच्या आधी माहीत होतं.

आणि मी माफी मागायला उभी राहिलेली नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड बोलायचं असतं, ते कॉलेजच्या सरांनी आत्ता बोलून दाखवलं. ज्योत म्हणाले, देवी म्हणाले. सर, देवी कसली? चहात साखर कमी पडली तर तोंड वाकडं करणारी बाई होती ती.

मला सांगा, हुशार कोण होतं? मी. सातवीला पहिली कोण आली? मी. मॅट्रिकला गणितात कोण अडकलं? ती. ट्रेनिंगला परभणीला दोघी संगंच गेलो. तिथं माझा धडा बघायला दुसऱ्या वर्गातल्या मुली येऊन बसायच्या. सिंधूचा धडा असला की हिची बोलता बोलता गाडी भलतीकडंच जायची. मग जळायचं कुणी? तिनं का मी? सगळं उलटंच झालं बघा.

नोकरीही दोघींना एकाच शाळेत लागली. बापू, म्हणजे सिंधूचे वडील, हे खांबाला टेकून बसलेत. जन्मभर जिनिंगात कापसाच्या गाठी वाहिल्या त्यांनी. त्यांच्या घरात पहिला सरकारी पगार आला तो सिंधूचा. आणि वर्ष सरायच्या आत ही बया राजीनामा देऊन मोकळी! बापूंनी बोलणं टाकलं. माझी आई म्हणाली, "पोरीचं डोस्कं फिरलंय." आणि मी? मला आतून गुदगुल्या झाल्या. म्हटलं, चला, ही आता मागं पडली.

मागं कसली पडतीय ती!

दुष्काळात खेड्यापाड्यांतून जी माणसं इथं आली, जिनिंगच्या मागं पालं ठोकून राहिली, ती राहिलीच. पुढं पाऊसपाणी झालं तरी परतली नाहीत. परतून जायला तिकडं होतं काय? आईबाप कापसाच्या कामावर आणि पोरं उकिरड्यावर. आमच्या शाळेच्या पटावर त्यांचं एक नाव नव्हतं. सिंधूनं जिनिंगवाल्या शेठजींची सरकीची रिकामी शेड मागून घेतली आणि तिथं शाळा मांडली. म्हणाली, "वच्छे, मी वर्गणी मागत हिंडणार न्हाई. वर्गणी दोन वर्षांत आटते. शाळेनं आपलं पोट आपण भरलं पायजे."

मग काय काढलं हिनं? खडू! हंगाम सरला की ज्या बायांच्या हाताला काम नसायचं, त्यांना बसवलं. पांढरी भुकटी पाण्यात कालवायची, साच्यात ओतायची, उन्हात वाळवायची. सेलूच्या शाळांना तिचे खडू, गंगाखेडला तिचे खडू, एसटीच्या टपावर खोकी चढवून सोनपेठपर्यंत तिचे खडू. त्याच्यावर बायांची मजुरी निघायची, पोरांच्या पाट्या निघायच्या, आणि उरलंच काही तर ही मास्तरीण जेवायची.

आमच्या शाळेनंही तिचाच खडू घेतला. म्हणजे माझी दशा बघा. माझा वर्ग, माझा फळा, आणि लिहायचं तिच्या खडूनं! पहिल्याच दिवशी मी मुद्दाम दाबून लिहिलं. म्हटलं मोडू दे, मग हेडबाईंना नेऊन दाखवते. मोडला नाही मेला. करकरलासुद्धा नाही.

हसा, हसा. तीही हसली असती.

आता झोळ्यांचं सांगते. एक दिवस ती माझ्या घरी आली आणि चुलीपाशी येऊन बसली. तोंड उतरलेलं. "पोरं येतात गं, पोरी येईनात. समद्यांच्या कडेवर एकेक भावंड. आई कामावर, ही त्याला कुठं टाकून येईल? काय करू सांग." मी भाकरी थापायले होते. हिच्या बोलण्याच्या नादात तव्यावरची भाकरी करपली. मला आला राग. मी म्हटलं, "मग पाळणे बांध की वर्गात! तोंडानं शिकव आणि पायानं झोके दे!" टोमणा होता तो. शुद्ध टोमणा. तिनं माझ्याकडं बघितलं. उठली, दोरीवरचं माझं जुनं हिरवं लुगडं ओढलं, "हे नेते गं" म्हणाली आणि गेली.

चार दिवसांनी जाऊन बघते तर शेडच्या आढ्याला झोळ्याच झोळ्या! खाली पोरी पाटी घेऊन बसलेल्या, एकेकीच्या पायाला दोरी. बे एके बे म्हणायल्यात आणि झोका द्यायल्यात. पाढ्याच्या तालावर तान्ही लेकरं गाढ झोपलेली. माझं लुगडं अगदी पुढच्या झोळीला.

मग काय विचारता! बघायला माणसं यायला लागली. परभणीहून शिक्षण खात्याचे साहेब आले, मास्तरलोक आले. आणि सिंधू त्या प्रत्येकाला काय सांगायची? "ही युक्ती माझी नाही, माझ्या मैत्रिणीची. ही वत्सला. डोकं तिचं आहे." माझ्याकडं बोट करून! अगं बाई, मी टोमणा मारला होता! साहेब माझ्याकडं बघून मान डोलवायचे आणि मला ना हसता यायचं ना खरं सांगता यायचं. माणसानं जळायचं तरी कसं? त्यालाही समोरच्यानं थोडी मदत करावी लागते. जरा मिरवावं, जरा तोरा दाखवावा, आपल्याला तोडून बोलावं. हिनं त्यातलं काही केलं नाही. हिनं मला धड जळूही दिलं नाही.

माझी स्वतःची लेक, सुनंदा. मास्तरणीची पोर, चांगल्या शाळेत जाते. ती संध्याकाळी दप्तर टाकून शेडकडं पळायची. मी विचारलं, "घरी आई मास्तरीण असताना तिथं काय ठेवलंय गं?" तर म्हणते, "आई, तू चुका काढतीस. सिंधूमावशी चुका झाल्यावर हसती." एवढीशी पोर! मी तिला ताट वाढलं आणि दोन दिवस बोलले नाही तिच्याशी.

मग सिंधूला कावीळ झाली. तिनं अंगावर काढली. "खडूची मागणी आलीय, एवढं उरकू दे, मग दवाखान्यात जाते." बिलकुल ऐकलं नाही कुणाचं. परभणीच्या दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी मोसंबी सोलून देत होते. ती म्हणाली, "वच्छे, तू वर्गात शिरलीस की पोरं आपोआप गप होतात, न्हाई का? माझ्यापुढं एक गप बसत न्हाई गं. वरडून वरडून घसा फुटतो. मला तुझा लय हेवा वाटायचा. ट्रेनिंगला होतो तवापासून."

तुम्हाला वाटलं असेल, मी रडले. छे! मी खूश झाले! परतीच्या गाडीत खिडकीशी बसले होते, मानवत रोड स्टेशन येईपर्यंत खूश होते. म्हटलं, शेवटी एकदा कबूल केलं बाईनं! आणि मग मनात आलं, ही खरं बोलली का माझं मन राखायला बोलली? ती तसली होतीच, जाता जाता दुसऱ्याला काहीतरी देऊन जाणारी. म्हटलं, आता गेले की आधी हेच विचारते. शपथ घालून विचारते.

दुसऱ्या दिवशी बापूंचा निरोप आला.

आता कुणाला विचारू? सांगा ना मला कुणीतरी. कुणाला विचारू?

थांबा. बोलते. झालं.

शेडचं बोलायचं राहिलं. शेठजींनी परवा स्पष्ट सांगितलं, दसरा झाला की माल यायला लागतो, चालवणारं माणूस असेल तर शेड राहू द्या, नसेल तर किल्ली आणून द्या. रास्त बोलले ते. तक्रार नाही. खडूचं काम बघणाऱ्या चंद्रभागाबाई माझ्या दारात येऊन बसल्या. "बाई, तुमी या. आमाला दुसरं कोन हाय?" मी नाही म्हटलं. त्या परत आल्या, मी परत नाही म्हटलं. का? कारण पोरं रोज म्हणणार, सिंधूताई असं न्हाई करायच्या, सिंधूताई तसं करायच्या. ती असताना ऐकलं तेवढं पुरे झालं. ती गेल्यावरही तिच्याच मागं उभं राहायचं का मी? नाही जमणार. आज चारचौघांत हेच सांगून मोकळं व्हायचं ठरवून आले होते मी.

पण माझ्या आधी कॉलेजचे सर बोलले. म्हणाले, काळजी करू नका, आमची मुलं रविवारी येऊन वर्ग घेतील. नवा फळा देऊ, बाकं देऊ. चांगलं आहे. पुढं म्हणाले, तेवढ्या त्या झोळ्या काढाव्या लागतील, वर्गाला शिस्त वाटत नाही, तान्ह्या मुलांची सोय घरी करावी.

घरी कुठं, सर? पालात? तिथं कोण असतं दिवसभर?

मी बसल्या जागी पेटले. खोटं कशाला बोलू, पोरांचा कळवळा मागून आला. आधी मनात आलं ते हे, की झोळ्या काढणारे हे कोण? टोमणा माझा, लुगडं माझं. सिंधूवर जळायचा हक्क माझा. कालपरवा आलेल्या माणसानं तिच्या जागी उभं राहायचं आणि मी आपली बाजूनं जाता जाता बघायचं? मला बघवणार नाही. सर, रागावू नका. बाकं द्या तुम्ही. बाकं घेऊ आम्ही.

तर शेठजी, किल्ली मागू नका. शेड चालणार. सकाळी माझी शाळा, संध्याकाळी शेड. आमच्या घरच्यांनाही मी हे तुमच्या संगंच सांगायलेय. ते मागं उभे आहेत, त्यांचं तोंड मला इथून दिसायलंय. घरी गेल्यावर बोलू, अहो. खडूचं चंद्रभागाबाई बघतील, शिकवायचं मी बघेन.

आणि लेकरांनो, तुम्ही म्हणा. सिंधूताई असं न्हाई करायच्या, हे खुशाल म्हणा. रोज म्हणा. मला राग येईल, मी ओरडेन, मी जळेन. तरी म्हणायचं. तुमचं म्हणणं थांबलं आणि माझं जळणं थांबलं, की मग ती खरंच गेली.

सिंधू, तू काही वरून बघायली नाहीस. आपण ते मानत नाही. पण मी तुझ्यापेक्षा चांगली चालवून दाखवणार आहे ही शाळा, आणि दाखवू कुणाला गं? माझं बघून जळायला तू पाहिजे होतीस.

उभे राहा सगळे. दोन मिनिटं कुणी बोलू नका. बापू, तुम्ही बसूनच राहा. एखादं लेकरू रडलं तर त्याला बाहेर नेऊ नका, इथंच असू द्या.