कागदावरचा हात

खालापूरच्या एसटी थांब्यावर वनिता भाजीची पाटी पायाशी घेऊन बसली होती. शेजारी बुरख्यातली एक म्हातारी आणि तिची कॉलेजातली नात. नातीच्या हातातल्या निळ्या कागदावर नेच्याचं पांढरंफेक पान उमटलं होतं. वनिताचे कान आपसूक तिकडं लागले.

“अल्मास, तू रंगवलंस गं हे?”

“नाय नानी. रसायनाचा मसाला लावलेल्या कागदावर पान ठेवलं नि उन्हात धरलं. ऊन लागलं तिथं निळं झालं. पानाखालचं धुतल्यावर पांढरं राहिलं.”

“म्हंजे फोटूच की!”

“पण कॅमेऱ्याशिवाय. पावणेदोनशे वर्षांमागं विलायतेत एका बाईनं समुद्रातल्या शेवाळाचे असे ठसे घेऊन पुस्तकं केली.”

“शेवाळाची? चित्रं काढायची ना.”

“काढताना हात चुकतो. इथं पान सोताच उमटतं.”

“पण नाक-डोळे नाय उमटत?”

“नाय. नुसती सावली.”

“मग चालंल.”

“काय चालंल?”

“हॉस्टेलला न्यायला माझा फोटू मागत व्हतीस ना? माणसाचं तोंड कागदावर उतरवू नये, असं अब्बा सांगायचे. आधारकार्डापुरता काढला, परत नाय. हाताला तोंड कुठं हाय? कोरा कागद हाय का?”

काळ्या पिशवीतून कागद निघाला. नानीनं उन्हात त्यावर पंजा टेकला.

“हलवू नको हां.”

“बांगडी काढू?”

“राहू दे.”

तेवढ्यात एसटी आली. कंडक्टर ओरडला, “पनवेल, पनवेल!”

आपली सावली कागदावर पडू नये म्हणून वनिता वळसा घालून गाडीकडं गेली.

“नानी, माझी गाडी!”

“जाऊ दे ती गाडी. हात हलला तर मी पुसट येईन.”