मे महिन्यातला नाताळ

हॅलो?… कोण?… हा, प्रीतम! बोल बाबू. पुण्यात थंडी पडली का?… बरं, नाई विचारत थंडीचं. बोल.

… हो, मले माहीत आहे काल दुपारी टीव्हीवर लागला ते. आईनं काम केलेला सिनेमा आईलेच माहीत नाई राहीन?… पाहला? पूर्ण?… मंग, कसा वाटला?

… हं.

… हो, हो… अरे ऐक ना गा… फालतू आहे, मी कुठं नाई म्हणून राहिली? मुंबईची पोट्टी नाताळात आजीची बेकरी विकाले येते, तिथल्याच केकवाल्याच्या प्रेमात पडते, सगळे नाचतात, खलास. अन तो हिरो केक कापते का टरबूज, तेच समजत नाई.

… नागपुरात बर्फ? पडला ना! मे महिन्यात पडला! सदरच्या त्या जुन्या बंगल्यात शूटिंग होती. बाहेर डांबर चपलेले चिकटून राहिलं, अन आम्ही आत स्वेटर-मफलर घालून 'हॅपी क्रिसमस' करून राहिलो. पंख्यानं साबणाचा फेस उडवत. सिनेमात आजोबा झालेल्या नत्थूजीच्या डोळ्यात गेला, बिचारे…

… येते ना त्या नाचावर. नत्थूजीवरही येते. दम धर जरा.

… कोणी फोन केला तुले? बळीराममामानं? कामठीवरून?… काय म्हणते माझा भाऊ?… "म्हातारपणी परक्या माणसाच्या हातात हात घालून नाचून राहिली"… बरोबर पाहलं त्यानं. नाचली मी. गुडघ्याले पट्टा बांधून नाचली, ते मात्र त्याले दिसलं नसन.

… ऑफिसच्या ग्रुपवर? माझा फोटो?… "प्रीतमची हिरोईन मम्मी"… मंग तू काय लिहिलं?… काहीच नाई?… बरं.

… नाई, कायची माफी? मी कोणाच्या दारात गेली नव्हती काम मागाले. चष्मा दुरुस्त कराले गेली होती सदरले. बंगल्यासमोर ही गर्दी! आजीचं काम करणारी मुंबईची बाई स्वेटरसकट चक्कर येऊन पडली होती. सारी जिंदगी सिस्टरची नोकरी केली मी, राहवते का? घुसली आत. तिचं स्वेटर काढलं, साखर-मिठाचं पाणी पाजलं, दवाखान्यात पाठवलं. अन तो डायरेक्टर पोट्टा माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. म्हणे, काकू, तुम्ही घालता का हे स्वेटर?… घातलं.

… काहून म्हणजे? मले घालावंसं वाटलं म्हणून.

… हो, दुसऱ्या सिनेमातही बोलावलं. आजच जाऊन राहिली. सासूचं काम आहे, खाष्ट सासूचं… तोही असाच राहीन, फालतू. मले चालते.

… नाई, मी नाई कळवणार नकार.

… पुण्याले येऊन राहू? अन करू काय तिथं? तुम्ही दोघं ऑफिसात, मी बाल्कनीत… नाई बाबू, प्रीतीचा काही दोष नाई. चांगली आहे माझी सून. पण तुझे बाबा गेल्यापासून मी ह्या सोफ्यावर बसून दुसऱ्याईचेच सिनेमे पाहले. आता माझा पाहा म्हणा लोकाईले!

… काय?… पुन्हा बोल, आवाज कटला.

… हं.

… नाई, ऐकलं. ऐकलं मी.

… म्हणजे तुले सिनेमाचा राग नाई आला. त्यात मी रडली, ह्याचा आला.

… हो, बाबा गेले तवा मी रडली नाई. तू पाहत होता माझ्याकडे, मले माहीत आहे. अरे, दवाखान्याचे कागद कोण करणार होतं? आल्या-गेल्याचा चहा? तुले धरून ठेवाचं होतं, तू तं उभाच राहत नव्हता. मी म्हटलं, मंग रडू. अन घर खाली झाल्यावर रडाले बसली, तं पाणीच येईना.

… ऐक आता, मधात बोलू नको. आजोबा परत येतात त्या सीनमध्ये मले एवढंच बोलाचं होतं, "इतके दिवस कुठं होते तुम्ही?" बस. नत्थूजीनं हात धरला, मी तोंड उघडलं, अन मले तुझे बाबाच दिसले. माझी ड्युटी सुटली की दवाखान्याच्या फाटकाशी स्कूटर घेऊन उभे राहत ना, तसे. मंग थांबलंच नाई. डायरेक्टर कट कट म्हणून राहिला, अन मी रडून राहिली.

… त्या सिनेमात सगळं खोटं आहे, प्रीतम. बर्फ खोटा, झाड प्लास्टिकचं, माझे पांढरे केसही विकतचे. पण रडणं माझं आहे. ते तुझ्या बाबासाठीच रडली मी. सिनेमा फालतू निघाला म्हणून ते फालतू नाई होत. मामाले सांग, ऑफिसात सांग, कोणालेही सांग!

… हॅलो?… प्रीतम?… आहेस का गा?

… नाक पूस पहिले. मंग बोल.

… हा, नत्थूजी. आता विचारलं सरळ. नाटकात काम करत ते, तिकडे झाडीकडच्या, जंगलपट्ट्यातल्या गावाईत. बायको जाऊन लय वर्षं झाले. रविवारी येतात चहाले… हो, घरीच… दार लावूनच! थंडी आहे ना बाहेर, उघडं कायले ठेवू?… पाहू दे शेजाऱ्याईले.

… काय आहे म्हणजे? सध्या चहा आहे. उद्या अजून काही असलं तं सगळ्यात पहिले तुले सांगीन. पण सांगीन. विचारणार नाई.

… थांब, बेल वाजली… हो, तेच आहेत. शूटिंगले संगंच जातो आम्ही, एकाच ऑटोत.

… आता? त्याईच्याशी? काय बोलशीन तू?… भांडशीन तं नाई?… खरं?… बरं, थांब.

नत्थूजी, या आत. राहू द्या चपला. हा घ्या फोन. माझा पोरगा आहे, पुण्यावरून… घाबरू नका हो. तोही घाबरलेलाच आहे.